गाडी हवेत असताना

माझी गाडी आता जमिनीपासून साडेचार इंचांवर आहे. पूर्वी सहा इंचांवर होती. मधल्या दीड इंचासाठी मी काय करून बसलो ते सांगतो. सांगताना स्वतःची बाजू घ्यायची नाही असं ठरवलंय, बघू किती जमतं ते.

सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने दोन दारांची, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार घ्यावी का, यावर आमच्या घरात रीतसर मतदान झालं होतं. दोन मतं पडली आणि दोन्ही विरोधात. एक बायकोचं, दुसरं माझ्या बहिणीचं, तेही फोनवरून. बाबांनी मत दिलं नाही. ते बाहेर गेले, मी बघायला आणलेल्या त्या जुन्या हिरव्या गाडीखाली डोकं घालून पाच मिनिटं पडून राहिले आणि पँट झटकत आत येऊन म्हणाले, "खालून चांगली आहे." याहून मोठी स्तुती मी बाबांच्या तोंडून आजवर ऐकलेली नाही, मला दहावीत मार्क मिळाले तेव्हासुद्धा.

बाबांनी अडतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली. शेवटची पंधरा हेडमेकॅनिक म्हणून. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि गल्लीतल्या लोकांचं फावलं. कोणाचा पंखा, कोणाचं शिवणयंत्र, कोणाच्या मुलीची सायकल. दारात कायम काही ना काही उघडून ठेवलेलं असायचं. बायको त्यावरून चिडवायची, "बाबा, एकदा आमच्या ह्यांनाही उघडून बघा, आत काही आहे का." बाबा म्हणायचे, "गॅरंटी संपली त्याची."

आई शेवटची चार वर्षं एकेक गोष्ट विसरत गेली. आधी डब्यांची झाकणं, मग घरी यायचा रस्ता, मग मी, मग ताई. सगळ्यात शेवटी बाबा. त्यांना ती मेकॅनिक समजायची. "मेकॅनिक आला का हो?" असं त्यांनाच विचारायची, आणि ते म्हणायचे, "आलाय, बसलाय इथेच." ती गेल्यापासून आमचं सगळ्यांचं बाबांवर बारीक लक्ष होतं. त्यांनी चष्मा कुठे ठेवला हे त्यांना आठवलं नाही, की मी आणि बायको एकमेकांकडे बघायचो. मी स्वतः आठवड्यातून तीनदा चष्मा शोधतो, तेव्हा कोणी कोणाकडे बघत नाही.

तर, गाडी खाली घ्यायची होती. बसवायला बुटक्या स्प्रिंगा मागवल्या होत्या. त्या घातल्या की गाडी दीड इंच खाली बसते, वळणावर डुलत नाही आणि दिसते झकास. खरं कारण शेवटचंच. मी कचेरीत बसून इमारतींचे नकाशे काढणारा माणूस, मला वळणावर कुठे वेगात जायचंय! पण फोनवर आमचा हौशी गाडीवाल्यांचा एक ग्रुप आहे, आणि त्यात माझी गाडी सगळ्यात उंच होती. एकाने तिला 'बदक' नाव ठेवलं होतं. ते मला लागलं. लागण्यासारखं काय होतं त्यात, हे आता कळत नाही.

"गॅरेजात नको देऊस," बाबा म्हणाले. "घरी करू. एका रविवारचं काम."

त्यांच्या आवाजात जी धार आली होती ती मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. रविवारी सकाळी सातलाच त्यांनी डेपोचा निळा गणवेश घातला आणि मला उठवायला आले. "उठा राजे, गाडी वाट बघतेय."

आठ वाजता गाडी शेडमध्ये चार लोखंडी स्टँडवर चढवली, चारही चाकं काढून भिंतीला लावली. जुन्या स्प्रिंगा काढायच्या तर त्या आधी शिकंज्यात दाबून धराव्या लागतात. बाबा म्हणाले, "स्प्रिंग म्हणजे कोंडलेला राग. घाई केलीस तर तोंडावर येईल." चहाचा कप धरताना त्यांचा उजवा हात थरथरतो. पाना धरला की थरथर बंद. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार बरं वाटलं, पण मी काही बोललो नाही. आमच्याकडे असलं बोलायची पद्धत नाही.

मी काय करत होतो? हातात देत होतो. आणि फोटो काढत होतो. नवी लाल स्प्रिंग बसतानाचा फोटो, बाबांच्या ग्रीसने माखलेल्या हातांचा फोटो. ग्रुपवर धडाधड अंगठे येत होते. साडेबाराच्या सुमाराला बाबा पुढच्या बाजूला गाडीखाली होते. चाकाला धरून ठेवणारे जे दोन आडवे लोखंडी हात असतात, त्यांचे बोल्ट ते परत बसवत होते. तेव्हा त्यांनी खालून मला काहीतरी सांगितलं. मी फोटोखाली काय लिहावं याचा विचार करत होतो. मी "हूं" म्हटलं. ते म्हणाले, "कळलं ना?" मी म्हटलं, "हो हो."

जेवण झालं. बाबा अर्धा तास आडवे झाले. मी शेडमध्ये गेलो, आणखी एक फोटो काढावा म्हणून खाली वाकलो, तर एक बोल्ट जरा बाहेर आलेला दिसला. बोट लावलं तर तो फिरला. दुसरा बघितला, तोही तसाच. चारही बोल्ट नुसते बोटाने फिरवून ठेवलेले.

हे बोल्ट सैल राहिले तर रस्त्यावर चाक कुठल्या कुठे जाईल. अडतीस वर्षं बसेस दुरुस्त केलेला माणूस हे विसरतो? मला आईची झाकणं आठवली. झालं, सुरू झालं, असं मी मनात म्हटलं. अगदी ह्याच शब्दांत. विचारावं, त्यांना उठवावं, असं मनातही आलं नाही. त्यांना कळता कामा नये, एवढंच आलं. मी लांब दांड्याचा पाना घेतला, गाडीखाली सरकलो आणि चारही बोल्ट आवळले. हिसका देऊन आवळले, मनगटाच्या शिरा फुगेपर्यंत. मग हात धुतले आणि बायकोला म्हटलं, "चहा टाकतेस?" स्वतःबद्दल मला चांगलं वाटत होतं. बापाची चूक गुपचूप सावरून घेणारा समजूतदार मुलगा. हे लिहिताना कान गरम होतायत.

चार वाजता चाकं लावली आणि चाकांखाली जाड लाकडी ठोकळे ठेवून गाडी त्यांवर उतरवली. मागची बाजू मस्त बसली. पुढची बसेना. नाक वर करून उभी होती, बदकासारखीच. बाबांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकून जोर दिला. गाडी कुरकुरली आणि जागची हलली नाही. ते काही न बोलता टॉर्च घेऊन खाली सरकले. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या.

टॉर्चचा उजेड एका बोल्टवरून दुसऱ्यावर सरकत गेला.

"हे तू आवळलेस?" खालून आवाज आला.

आता बघा. 'हो' म्हणायला एक अक्षर लागतं. पण 'हो' म्हटलं असतं तर पुढे सांगावं लागलं असतं की तुम्ही विसरलात असं मला वाटलं, तुम्ही झोपलात तेव्हा मी तुमचं काम तपासलं. ते त्यांना लागेल असं वाटलं. म्हणून मी म्हटलं, "नाही. तुम्हीच आवळलेत ना, जेवायच्या आधी."

चपला हलल्या नाहीत. मग ते हळूहळू बाहेर आले आणि तिथेच फरशीवर बसले. टॉर्च चालूच होता, तो त्यांनी बंद केला नाही.

"हे आता आवळायचे नसतात," ते म्हणाले. "गाडी हवेत असताना नाही. खाली उतरवायची, चाकांवर वजन आलं की मग आवळायचे. आत रबर असतं. हवेत आवळलं की ते तिथेच पकडून बसतं, मग गाडी खाली येत नाही. आणि महिन्या-दोन महिन्यांत रबर फाटतं. हे नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी सांगायचो."

मी पान्यावरचं ग्रीस पुसायला लागलो.

"मी मुद्दाम सैल ठेवले होते," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "ठेवले होते ना? तुला म्हणालोपण होतो, हात लावू नकोस म्हणून. म्हणालो होतो का मी? की नुसतं मनात होतं?"

तेव्हा मला ते "कळलं ना?" आठवलं. लख्ख आठवलं. चूक त्यांची नव्हतीच, माझी होती, आणि ती सांगायची उत्तम वेळ समोर उभी होती. आता त्यांचं मन जपायचा प्रश्नही उरला नव्हता, उलट सांगितलं असतं तर ते सुटले असते. लागलं असतं ते फक्त मला. फोटो काढण्याच्या नादात ऐकलं नाही, वर शहाणपणा केला, वर खोटं बोललो, असं तीन पायऱ्यांनी खाली यावं लागलं असतं.

"आठवत नाही बुवा," मी म्हटलं.

'बुवा' कशाला लावला त्यात, देव जाणे. सहज वाटावं म्हणून लावला असणार. आजही कोणी माझ्यासमोर बुवा म्हटलं की मला ती शेड दिसते.

बाबांनी मान हलवली. खाली जाऊन चारही बोल्ट सैल केले. गाडीचं नाक अलगद खाली बसलं, हवं होतं तेवढंच, एका सुताचाही फरक नाही. मग त्यांनी पाना माझ्यापुढे धरला. "तू आवळ. मी बघतो." मी आवळत असताना ते शेजारी वाकून उभे होते. "चारही झाले?" त्यांनी विचारलं. झाले म्हटलं. थोड्या वेळाने परत, "चारही झाले ना रे?" पाना माझ्या हातात होता, आणि त्यांचा रिकामा हात थरथरत होता.

गाडी देखणी दिसत होती. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'बापलेकांचं काम'. इतके अंगठे त्या ग्रुपवर त्याआधी कोणालाच आले नसतील.

दुसऱ्या दिवशी बाबांनी शेजारच्या शिंपीणबाईंचं यंत्र न उघडताच परत केलं. "माझ्याकडून काहीतरी राहून जाईल, दुसरीकडे दाखवा," म्हणाले. चार दिवसांनी स्वतःच्या छोट्या गाडीची किल्ली बायकोच्या हातात ठेवली. "तू चालव आता. मी नको." तिने कारण विचारलं तर म्हणाले, "डोळ्यांना त्रास होतो." डोळे ठणठणीत आहेत त्यांचे. दारात उघडून ठेवलेलं काहीच दिसेना. गल्लीतले लोक एक-दोनदा येऊन गेले, मग यायचे बंद झाले.

एका सकाळी बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातात एक छोटी वही दिली. बाबांच्या उशीखाली सापडली होती. तिरकं, नीट अक्षर, डेपोत नोंदी करायचे तसं. 'गॅस बंद केला, ७.४०. पाहिला.' 'मागचं दार लावलं, ९.१५. पाहिलं.' 'गोळी घेतली. एकच.' पानंच्या पानं.

"कधीपासून चाललंय हे?" ती म्हणाली. "त्या तुझ्या गाडीच्या रविवारपासून काहीतरी बिनसलंय. काय झालं होतं त्या दिवशी?"

"वय झालंय," मी म्हटलं आणि कामाला निघून गेलो. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायला हात उठेना. आता सांगायचं, आज संध्याकाळी सांगायचं. संध्याकाळी बाबा ओट्यापाशी उभे राहून गॅसच्या बटणाकडे बघत होते, हातात वही होती. मी त्यांच्यामागून पाण्याचा ग्लास घेतला आणि पुढच्या खोलीत आलो. असे किती दिवस गेले ते मोजलेच नाहीत मी. एवढंच सांगतो की रोज सकाळी मी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी मला काहीतरी काम निघायचं. माणसाला लाज वाटली की तो सुधारतो असं म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. मला लाज वाटली की मी त्यांच्यासमोर जायचं टाळायचो. आणि मी टाळतोय हे त्यांना दिसलं की ते आणखी एक नोंद करायचे.

मग त्यांनीच दवाखान्यात नंबर लावला. विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर, आईला बघायचे तेच. मला म्हणाले, "गुरुवारी नेशील का? मी एकटा जाऊ शकतो, पण सोबत कोणीतरी लागतं म्हणाले."

छोटी गाडी बायको घेऊन गेली होती, म्हणून माझीच काढली. ती आता इतकी खाली बसते की शहात्तर वर्षांच्या माणसाला आत शिरायचं म्हणजे कसरत. बाबांनी छताला धरलं, एक पाय आत टाकला आणि धपकन बसले. रस्त्यात एकच वाक्य बोलले, "छान बसलीय गाडी." मी रस्त्याकडे बघत राहिलो.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या. सात-आठ माणसं, प्रत्येकाशेजारी कोणी ना कोणी. नर्सने मला एक कागद आणि पेन दिलं. "हा नातेवाइकांनी भरायचाय. पेशंटनी नाही." त्यावर वीस प्रश्न, प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही'. नावं विसरतात का. तारीख विसरतात का. पैसे हाताळताना गोंधळ होतो का. मी 'नाही', 'नाही' करत खाली चाललो होतो. अकरावा प्रश्न होता: वर्षानुवर्षं सवयीच्या असलेल्या कामात चुका होतात का?

मी 'नाही'वर खूण केली.

बाबा शेजारून वाचत होते. त्यांनी बोट ठेवलं. "इथे 'हो' कर."

"नाही होत चुका तुमच्याकडून."

"ते बोल्ट?"

म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "बाबा, ते बोल्ट मी आवळले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही झोपला होतात. मी खाली गेलो, ते सैल दिसले, वाटलं तुम्ही विसरलात. लांब दांड्याच्या पान्याने आवळले. तुम्ही मला सांगितलंही होतं, हात लावू नकोस म्हणून. मी फोनमध्ये होतो. तुम्ही काहीही विसरला नाहीत, बाबा. एकही गोष्ट नाही."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"लाज वाटली."

"आणि इतके दिवस?"

"जास्त वाटायला लागली."

मला वाटलं आता कान उपटतील, सगळ्यांसमोर. खरं सांगतो, मी त्याचीच वाट बघत होतो. समोरच्या बाई विणकाम थांबवून आमच्याकडे बघत होत्या. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

"चांगलं रचलंयस," ते हळू आवाजात म्हणाले. "लांब दांड्याचा पाना वगैरे. बराच विचार केलेला दिसतोय."

"बाबा, रचलेलं नाहीये हे!"

"अरे, हाच कागद मलाही दिला होता, तुझ्या आईच्या वेळी. ती अशीच शेजारी बसून वाचत होती. तिच्यादेखत 'हो' कसं लिहिणार? सगळीकडे 'नाही' लिहिलं मी. कुठे अडलं तर म्हणालो, ते तुझ्याकडून नाही, माझ्याकडून झालं. दूध उतू गेलं, मी. दार उघडं राहिलं, मीच." ते जरासं हसले. "तिला पटायचं. पण डॉक्टरांनाही पटलं ना. एक वर्ष वाया गेलं तिचं."

"पण हे खरंच मी केलंय. शपथ घेऊन सांगतो. तुमच्या गळ्याशपथ!" माझा आवाज चढला होता. सगळी खोली ऐकत होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

"शपथा नको घेऊस. कशाला उगाच." त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. अकराव्या प्रश्नापुढची माझी खूण त्यांनी सरळ रेघेने खोडली, 'हो'भोवती नीट गोल काढला आणि शेजारी डेपोच्या अक्षरात लिहिलं, 'पुढच्या चाकांचे बोल्ट. गाडी हवेत असताना आवळले. आठवत नाही.'

आतून त्यांचा नंबर पुकारला. मी त्यांच्याबरोबर उठलो तर नर्सने हाताने थांबवलं, "तुम्ही बाहेर बसा, आधी त्यांना एकट्याला तपासतील." मी म्हटलं, मला डॉक्टरांना काही सांगायचंय, त्या कागदावर चुकीचं लिहिलंय. तिने बाबांकडे पाहिलं.

"मुलगा आहे माझा," बाबा तिला म्हणाले, आणि त्यांना माझा अभिमान वाटत होता, तो तोंडावर दिसत होता. "फार जपतो मला."